खोक्यातच राहिलेली चिमणी, हॉब आणि डिशवॉशर: विकायचं कसं, किती किमतीला

फ्लॅटचा ताबा लांबतो, बिल्डर डक्टची (चिमणीचा धूर बाहेर नेणाऱ्या नळाची) जागा बदलतो, 'एल' आकाराचा ओटा सरळ करावा लागतो, नाहीतर अचानक बदली येते. मग दसऱ्याच्या ऑफरमध्ये हौसेने घेऊन ठेवलेली चिमणी, हॉब (ओट्यात खाच कापून बसवायची शेगडी), बिल्ट-इन ओव्हन खोक्यातच राहतात. वापरलेलं नाही म्हणजे नवंच आहे, असं धरून ही खोकी वर्षभर माळ्यावर पडून राहतात आणि नंतर बिलाएवढी किंमत मागितली जाते. तिथेच सौदा फिसकटतो. न वापरलेली वस्तूही जुनी होत असते. वॉरंटी बहुतेक वेळा बिलाच्या तारखेपासून सरते, कंपनी मॉडेल बंद करते, रबरी गॅस्केट कडक होतात, उंदीर वायर कुरतडतात, किनारपट्टीच्या दमट हवेत हॉबच्या बिडाच्या जाळ्यांवर गंज चढतो. म्हणून प्लॅन बदलला हे नक्की झालं की त्याच आठवड्यात विक्रीच्या मागे लागा.

जाहिरातीआधी दोन फोन

पहिला फोन दुकानदाराला. सील न फोडलेलं खोकं बरेच दुकानदार थोडी रक्कम कापून परत घेतात किंवा दुसऱ्या वस्तूवर बदलून देतात. ९० सेंटिमीटरची चिमणी नव्या ओट्यावर बसत नसेल तर ६० ची मागा. रोख परत मागण्यापेक्षा हे लवकर जमतं. इथे एक तारीख आडवी येते. ज्या आर्थिक वर्षात बिल झालं, ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच दुकानदाराला क्रेडिट नोट (माल परत घेतल्याचा कागद) काढून जीएसटीचा हिशेब दुरुस्त करता येतो. बिल फेब्रुवारी २०२५ चं असेल तर मुदत ३० नोव्हेंबर २०२५. त्यानंतर त्याने भरलेला कर अडकतो, म्हणून तो हात वर करतो. दुकानदार पंधरा टक्क्यांपर्यंत कापून परत घेत असेल तर डोळे झाकून द्या. बाहेर विकून एवढे पैसे सहसा हाती येत नाहीत.

दुसरा फोन कंपनीच्या कस्टमर केअरला, बिल आणि सीरियल नंबर समोर ठेवून. तीन प्रश्न विचारा: वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरता की बसवल्याच्या, मालक बदलला तर ती पुढे चालते का, आणि बसवायला तुमचाच माणूस लागतो का. तोंडी उत्तरावर थांबू नका, तेच ईमेलवर किंवा मेसेजमध्ये मागा. "वॉरंटी आहे" एवढं म्हणणारा विक्रेता आणि कंपनीचं ईमेल दाखवणारा विक्रेता, यांच्यात गिऱ्हाईक दुसऱ्यावर विश्वास ठेवतं, आणि तो विश्वास रुपयांत मोजून मिळतो.

वस्तू हप्त्यांवर घेतली असेल तर आधी कर्ज मिटवा. कर्ज फिटेपर्यंत वस्तू कर्ज देणाऱ्याकडे तारण असू शकते. 'नो ड्यूज'चं पत्र हातात आल्याशिवाय जाहिरात टाकू नका.

सील फोडावं का?

सीलबंद खोक्याला भाव जास्त, हे अर्धंच खरं. तुमच्याकडे येताना टेंपोत काच तडकली असेल तर ते आज कळत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी सील फोडल्यावर कळतं, आणि मग कंपनीही ऐकत नाही, गिऱ्हाईकही ऐकत नाही. म्हणून काच असलेल्या वस्तू, म्हणजे हॉब, वळणदार काचेची चिमणी, ओव्हन, एकदा उघडून पाहिलेल्या बऱ्या. मात्र काही कंपन्यांची अट असते की सील त्यांच्या माणसानेच फोडायचं. ते त्याच फोनवर विचारून घ्या. उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग व्हिडिओ काढा, सील आणि लेबल त्यात दिसू द्या.

हॉबची काच टफन्ड असते. मधोमध वरवरचा चरा असला तर तो सहसा फक्त दिसायला वाईट, पण कडेला टवका उडाला असेल तर ती काच कधी तरी गरम असताना अख्खी फुटू शकते. तपासायला काच टेबलावर जुन्या चादरीवर ठेवा, खोलीतला दिवा मालवा आणि मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून आडवा धरा. सरळ उजेडात न दिसणारी खोच अशा तिरप्या उजेडात पांढऱ्या ठिपक्यासारखी चमकते. मग चारही कडांवरून मऊ फडकं हलक्या हाताने फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे नीट बघा. टवका निघाला तर तो लपवू नका, आणि वापरायला म्हणून तो हॉब विकूही नका. बर्नर, जाळ्या, नॉब सुटे भाग म्हणून द्या. ऑटो इग्निशन बॅटरीवर चालत असेल आणि बॅटरी आत असेल तर काढून टाका. ती पाझरली की कप्प्याचे पत्रे हिरवे पडतात.

चिमणी जमिनीवर पक्की टेकवून, हवा अडणार नाही अशी ठेवून अर्धा मिनिट चालवा. तिन्ही वेग, दिवे, टच पॅनेल बघा. घूंऽऽ असा एकसारखा आवाज ठीक. मधूनमधून खर्र आलं तर ब्लोअर कुठेतरी घासतोय. ओव्हनला प्लग असेल तर १६ अँपिअरच्या पॉइंटवर दिवा आणि पंखा लागतो का एवढंच पाहा, तापवू नका. पहिल्यांदा तापताना आतल्या तेलकट थराचा धूर आणि वास येतो आणि मग ओव्हन वापरलेला वाटतो. बऱ्याच बिल्ट-इन ओव्हनना प्लग नसतो, नुसत्या तीन तारा असतात. त्या जोडण्याच्या फंदात पडू नका.

डिशवॉशर आणि आरओला पाणी लावायचंच नाही. आरओचं मेम्ब्रेन एकदा भिजलं की पुन्हा सुकू देता येत नाही. डिशवॉशरची गंमत वेगळी आहे. कारखान्यात यंत्रं पाणी घालून तपासतात, त्यामुळे कोऱ्या यंत्राच्या तळाशीही कधी कधी चार थेंब सापडतात. गिऱ्हाइकाला ते दिसले की त्याच्या मनात पाल चुकचुकते. दार उघडायच्या आधीच त्याला हे सांगून ठेवा.

स्टीलवरची प्लास्टिकची फिल्म काढू नका. ती कोरेपणाची खूण आहे.

आता सुटे भाग मोजा. सौदे सर्वात जास्त इथे मोडतात, कारण घर बदलताना छोटी पाकिटं हरवतात. चिमणीबरोबर भिंतीचं ब्रॅकेट, फास्टनर, एकात एक सरकणारी दोन डक्ट कव्हरं, हवा उलटी येऊ न देणारी झडप, तेलाची वाटी आणि असल्यास रिमोट. हॉबबरोबर क्लॅम्प, स्क्रू, काचेखाली लावायची फोमची पट्टी, जाळ्या. ओव्हनबरोबर ट्रे, जाळी, बाजूच्या रेल. मायक्रोवेव्हची काचेची थाळी आणि तिच्याखालची चाकांची रिंग. डिशवॉशरची पाण्याची नळी, मीठ घालायचं नरसाळं, चमच्यांची टोपली. काही कमी असेल तर सर्व्हिस सेंटरमधून मागवूनच घ्या. एक डक्ट कव्हर नसलं तरी गिऱ्हाईक त्याच्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट कापून मागतं.

मापं द्या, निम्मे फोन वाचतील

फ्रिज कुठेही उभा राहतो. हॉब, चिमणी, बिल्ट-इन ओव्हन यांचं तसं नाही. घेणाऱ्याच्या स्वयंपाकघरात वस्तू बसली तरच ती त्याच्या कामाची. त्यामुळे जाहिरातीत ब्रँडच्या नावाखालोखाल मोलाची गोष्ट म्हणजे माप.

हॉबची दोन मापं द्या: काचेचं बाहेरचं आणि ग्रॅनाइट कापायचं. दुसरं माहितीपुस्तिकेत असतं. ज्याच्या ओट्याला आधीच खाच आहे त्याला काच त्या खाचेवर चारही बाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर टेकायला हवी. खाच लहान असेल तर मार्बल कटरने वाढवता येते, मोठी असेल तर लहान करता येत नाही.

हॉबचा जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड, कोणत्या गॅसचा, हे नक्की लिहा. सिलिंडरच्या गॅसपेक्षा पाइप गॅसचा दाब कमी आणि तेवढ्याच घनफळात उष्णताही कमी, म्हणून पाइप गॅसच्या जेटचं भोक मोठं असतं. सिलिंडरचा जेट पाइप गॅसवर लावला की ज्योत काजव्यासारखी राहते. उलटं केलं तर ज्योत पिवळी आणि उंच होते, भांड्यांची बुडं काळी पडतात, आणि ते धोक्याचंही आहे. बर्नरची टोपी उचलून आत टॉर्च मारला की पितळी जेटवर कोरलेला बारीक आकडा दिसतो. त्याचा जवळून फोटो काढा. काही हॉबबरोबर पाइप गॅसचे जेट वेगळ्या पाकिटात येतात. ते पाकीट जपा. मुंबई-पुण्याच्या बऱ्याच नव्या सोसायट्यांत पाइप गॅस असतो, त्यामुळे तिथलं गिऱ्हाईक हे पाकीट हमखास विचारतं. जेट बदलायचं काम मात्र गॅसच्या किंवा हॉब कंपनीच्या तंत्रज्ञाचं.

चिमणीची रुंदी हॉबएवढी किंवा थोडी जास्त हवी. शेगडीपासूनची उंची साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर. मोठ्या चिमण्यांना बहुधा सहा इंची डक्ट लागतो. गिऱ्हाइकाच्या भिंतीतलं भोक चार इंचांचं असेल तर रिड्यूसर (मोठा नळ लहान भोकाला जोडणारा तुकडा) लावून काम होईल असं सांगू नका. हवा कमी ओढली जाते, आवाज वाढतो आणि महिन्याभरात तक्रार तुमच्याकडेच येते. छताला टांगायची आयलंड चिमणी असेल तर मनाची तयारी ठेवा. तिला गिऱ्हाईक फार थोडं.

बिल्ट-इन ओव्हनचा कप्पा साधारण ५६ सेंटिमीटर रुंद, ६० उंच आणि ५५ खोल लागतो. डिशवॉशरचं घोडं उंचीवर अडतं. आपल्याकडचा ओटा जमिनीपासून ३२ ते ३४ इंच. ग्रॅनाइट आणि त्याखालची फरशी वजा केली की आत ३० ते ३२ इंच उरतात. मोकळं उभं राहणारं डिशवॉशर ८४-८५ सेंटिमीटरचं, म्हणजे ३३ इंचांच्या वरच. काही मॉडेलचं वरचं झाकण काढता येतं आणि उंची अडीच-तीन सेंटिमीटरने उतरते. तुमच्या मॉडेलचं निघतं का, हे पुस्तिकेत बघून जाहिरातीत लिहा. ज्याच्याकडे ड्राय बाल्कनी नाही आणि ज्याला यंत्र ओट्याखालीच बसवायचं आहे, त्या गिऱ्हाइकाला असंच मॉडेल हवं असतं.

किंमत

एमआरपी विसरा, बिलही बाजूला ठेवा. आज तेच मॉडेल ऑनलाइन आणि जवळच्या दुकानात प्रत्यक्ष किती रुपयांना मिळतं, ते बघा. त्यातली कमीत कमी किंमत हा तुमचा पाया. वॉरंटी शिल्लक, सगळे भाग हजर आणि बिल जवळ असेल तर पायाच्या ७५ ते ८० टक्के मागता येतात. वॉरंटी संपली असेल तर ५५ ते ६५. मॉडेल बंद झालं असेल तर ५० च्या आसपास, आणि बिलच नसेल तर त्याहूनही खाली.

समजा दीड वर्षापूर्वी चिमणी २४,००० ला घेतली आणि आज ती १९,५०० ला मिळते. वॉरंटी शिल्लक आहे. १९,५०० चे ७५ ते ८० टक्के म्हणजे १४,६०० ते १५,६००. जाहिरातीत १६,५०० लिहा, १५,००० ला द्या, १४,००० च्या खाली उतरू नका. गिऱ्हाईक मनात आणखी एक हिशेब करत असतं: नव्या चिमणीबरोबर बसवणं फुकट मिळतंय का, तुमच्याकडून घेतली तर कंपनीच्या माणसाचे पैसे कोण देणार? तो खर्च आधीच विचारून ठेवा. घासाघीस तिथेच संपते.

डिशवॉशर २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी घेतलं असेल तर आणखी एक घट धरा. त्या दिवसापासून त्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कराआधी ३५,००० चं यंत्र पूर्वी ४४,८०० ला पडायचं, आता ४१,३०० ला. मधले साडेतीन हजार तुमचे गेलेच. गिऱ्हाईक नव्या भावाशीच तुलना करणार.

मुहूर्तही बघा. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा यांच्या आधी लोक गृहप्रवेशाची तयारी करतात. पण दसरा-दिवाळीत कंपन्यांच्या ऑफर येतात आणि तुमचा पाया खाली सरकतो. म्हणून जाहिरात गणपतीच्या आधी टाका. पितृपक्षात चौकशी होते, पण वस्तू घरी न्यायला बरेच जण तयार नसतात.

जाहिरात आणि गिऱ्हाईक

फोटो दिवसा, खिडकीजवळ. खोकं चारही बाजूंनी, वस्तू समोरून, काचेच्या कडा, चादरीवर मांडलेले सगळे सुटे भाग, आणि टेप लावून एक फोटो. सीरियल नंबर आणि लेबलवरचा क्यूआर कोड झाकाच, नाहीतर त्या नंबरावर भलताच कुणी वॉरंटी नोंदवेल. बिलावरचं नाव, पत्ता, फोनही झाका.

मजकूर असा लिहा:

"चार बर्नरचा काचेचा हॉब, न वापरलेला. ओट्याचा प्लॅन बदलल्यामुळे विकायचा आहे. बाहेरचं माप ७८ × ५२ सेंमी, कापायचं माप फोटोत. सिलिंडरचे जेट बसवलेले, पाइप गॅसचे जेट पाकिटात. बिल मार्च महिन्याचं, कंपनीची वॉरंटी शिल्लक, ईमेल दाखवू. खोकं तपासणीसाठी एकदा उघडलं, व्हिडिओ आहे. किंमत १३,५००, थोडं कमी-जास्त होईल. कोथरूडमधून न्यावं लागेल, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे."

विकण्याचं कारण लिहायला विसरू नका. कोरी वस्तू कुणी का विकतंय, ही शंका प्रत्येकाला येते.

पहिली जागा सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यातही नुकताच ताबा सुरू झालेल्या सोसायटीचा. ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर फोन जास्त येतात, सौदे कमी होतात. हॉब आणि चिमणीसाठी सर्वात चांगला माणूस म्हणजे मॉड्युलर किचनचा ठेकेदार किंवा सुतार. त्याच्या हाताखाली एका वेळी तीन-चार किचनं चालू असतात आणि कुणाचं बजेट कुठे अडलंय ते त्याला माहीत असतं. त्याचं कमिशन आधी ठरवा, आणि ते फक्त पैसे हातात आल्यावर द्यायचं.

"लास्ट किती?" एवढाच मेसेज आला तर आकडा सांगू नका. "बघायला या, बसून बोलू" म्हणा. न बघता सांगितलेला आकडा हा पुढच्या घासाघिशीचा पाया होतो.

पैसे आणि ताबा

वस्तू न बघता पूर्ण पैसे द्यायला निघालेला, स्वतःला सैन्यातला किंवा सीआयएसएफमधला सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणारा गिऱ्हाईक आला की तिथेच थांबा. ही फसवणुकीची जुनी तऱ्हा आहे. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅनही करावा लागत नाही. समोरचा सांगेल ते ॲप उतरवून घेऊ नका. "चुकून जास्त गेले, परत पाठवा" म्हणाला तर बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक स्वतः बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. मेसेज आणि स्क्रीनशॉट खोटे बनवता येतात. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

टोकन हजार-दोन हजार घ्या आणि किती दिवस वस्तू राखून ठेवणार ते मेसेजवर लिहा. बाकीचे पैसे वस्तू टेंपोत चढण्याआधी खात्यात दिसले पाहिजेत. मग दोन प्रतींत साधी पावती करा: वस्तू, मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम, तारीख, "सुटे भाग मोजून घेतले, वस्तू तपासून, आहे तशी स्वीकारली", दोघांच्या सह्या. मूळ बिल द्या, त्याचा फोटो स्वतःकडे ठेवा. वॉरंटी तुमच्या मोबाइल नंबरावर नोंदली असेल तर गिऱ्हाईक समोर असतानाच कस्टमर केअरला फोन लावून नंबर बदलून घ्या. नाहीतर पुढची दोन वर्षं सर्व्हिसचे ओटीपी तुमच्या फोनवर येत राहतील.

भाडं कुणी द्यायचं ते आधीच ठरलेलं असू द्या. डिशवॉशर पंचेचाळीस-पन्नास किलोंचं, ओव्हन तीस-पस्तीसचा. दोन माणसं लागतातच. ओव्हन दाराच्या दांड्याला धरून उचलला की बिजागरी वाकते. हॉबच्या खोक्यावरचे बाण बघून ते ठेवा, त्यावर दुसरं ओझं नको. पावसाळ्यात छोटा हत्ती बोलावताना ताडपत्री आहे का विचारा. भिजलेलं खोकं खालून फाटतं आणि काच थेट रस्त्यावर येते. फ्रिजही जाणार असेल तर तो उभाच न्या. आडवा न्यावाच लागला तर तिथे काही तास उभा ठेवून मगच चालू करायला सांगा. सोसायटीचा गेटपास आणि सामान नेण्याच्या लिफ्टची वेळ आदल्या दिवशी बघा. बऱ्याच ठिकाणी रविवारी सामान हलवू देत नाहीत.

टेंपो गेला की त्याच दिवशी सगळीकडच्या जाहिराती काढा आणि ठेकेदारालाही कळवा.